बारीक लोखंड

पहिल्याच भेटीत जयमालेनं महेंद्रच्या हातातली बादली लाथेनं उडवली.

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत लोखंडाची भुकटी करणारा एक लहानसा कारखाना होता. भुकटी साच्यात दाबायची, भाजायची आणि तिचे मोटारींच्या फिरत्या दांड्यांना लागणारे बुश करायचे. जयमाला बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागली होती. तिचे वडील रंभाजी तिथंच भट्टीवर होते, चौदा वर्षांपासून. जयमाला त्यांना आप्पा म्हणायची, बाकी सगळे मामा.

ती १९९६ सालातली एप्रिलची दुपार होती. ग्राइंडरची ठिणगी उडाली आणि दाराजवळच्या ट्रेमधली भुकटी धुमसायला लागली. ज्वाळा नव्हत्या, राख फुंकल्यावर निखारा उजळावा तशी लाली भुकटीवरून सरकत चालली होती. एवढ्यात चौकटीच्या शर्टातला कुणी अनोळखी तरुण पाण्याची भरलेली बादली घेऊन धावत आला.

"अहो, पाणी नको!" जयमाला ओरडली. तो थांबेना. मग तिनं लाथच घातली. बादली कलंडली, पाणी त्याच्या बुटांत गेलं आणि जयमालेनं कोपऱ्यातल्या डब्यातली कोरडी वाळू ट्रेवर ओतून लाली विझवली.

"लाथ मारलीत तुम्ही मला!"

"बादलीला मारली."

"बादली माझ्या हातात होती."

"तापलेल्या लोखंडावर पाणी टाकलं की हायड्रोजन सुटतो. भडकाच झाला असता. बारावीच्या पुस्तकात आहे, वाचलं नाही का?"

तो ओशाळला. "वाचलं होतं... पण मी आता पीएचडी करतो. तिथं बारावीचं कुणी विचारत नाही."

"कशात करता?"

"लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर," तो म्हणाला, आणि मग जयमालेला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. तोही बुटातलं पाणी ओतता ओतता हसायला लागला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. ते तिच्या लक्षात आलं. आणि आपल्या हे लक्षात का आलं, म्हणून ती घाईनं कलंडलेली बादली उचलायला वाकली.

महेंद्र मूळचा नगरजवळच्याच घोडेगावचा, पीएचडी पुण्यात. पुण्याच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनची भट्टी नव्हती, इथं होती. त्याचे मार्गदर्शक आणि कारखान्याचे शेठ यांची जुनी ओळख. महिन्यातून दोनदा त्यानं यायचं, आपला एक ट्रे भट्टीत घालायचा आणि भुकटी घेऊन जायचं, असं ठरलं. सरकारी परवानगी फक्त बुशच्या भुकटीची होती, पण मॅनेजर काकासाहेब म्हणाले, "एका ट्रेनं काय होतंय?"

महिन्यातून दोनदाचं आठवड्यातून एकदा कधी झालं ते कुणाला कळलं नाही.

"एवढं बारीक करून मिळतं काय?" जयमालेनं एकदा विचारलं. "लोखंड ते लोखंडच."

"नसतं. तेच तर." त्यानं स्टूल पुढं ओढलं. "केसाच्या जाडीत हजारो कण बसतील, इतकं बारीक केलं की लोखंडाचा स्वभावच बदलतो. परदेशात आता या मापाला नॅनो म्हणतात. नॅनो म्हणजे बुटका."

"मला पाहून म्हणालात?"

"नाही हो, ग्रीक शब्द आहे!" तो घाईनं म्हणाला. मग हळूच, "पण... शोभून दिसतो."

जयमाला जेमतेम पाच फूट होती. तिनं फूटपट्टी उगारली, पण मारली नाही.

त्यानं खिशातून एक बाटली काढली. आत चमचाभर काळं तेल होतं. तेलात त्याचे ते कण मिसळलेले. बाहेरून चुंबक लावल्याबरोबर तेल उठून उभं राहिलं. साळिंदराच्या पाठीसारखे काळे, ओले, लखलखीत काटे! चुंबक सरकवावा तिकडं काटे वळत होते. जयमाला श्वास रोखून बघत राहिली.

"अंगावर काटा आलाय त्याच्या," ती पुटपुटली.

"कुणीतरी जवळ आलं की येतो," महेंद्र म्हणाला. आणि दोघंही बाटलीकडेच बघत राहिली, कारण एकमेकांकडे बघायची सोय उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यानं तिला सांगितली होती. ढेकळात बाहेरची माती थोडी, आतली जास्त. फोडत गेलं की आतलं बाहेर येत जातं. इतकं बारीक केलं की लोखंडाचे निम्मे अणू उघड्यावर येतात. आतल्याला चहूकडून शेजारी असतात, बाहेरच्याला एका अंगाला कुणीच नसतं. मग तो समोर येईल त्याला धरतो. हवेतल्या प्राणवायूला तर मिठीच मारतो.

"म्हणजे पेटतो," जयमाला म्हणाली. "ओंडका चुलीत धुमसत बसतो आणि भुसा भक्कन पेटतो, तसं."

"भुशाला निदान काडी तरी लावावी लागते. याला नुसती हवा पुरते." म्हणूनच त्याचा ट्रे थंड झाल्यावरही भट्टी उघडायची नसे. आत नायट्रोजन भरून ठेवायचा आणि एक दिवसभर त्यात हवा दोऱ्यासारख्या बारीक धारेनं सोडायची. मग प्रत्येक कणावर गंजाची पातळ साय धरते आणि लोखंड शांत होतं. कारखान्याच्या जाड भुकटीला हे काही लागत नसे. ती रोज सकाळी सात वाजता रंभाजी बेधडक बाहेर काढायचे. महेंद्रचा ट्रे आत असला की तो भट्टीच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवायचा: 'उघडू नये.' आणि जाताना मामांनाही सांगायचा.

"लई एकटे पडलेले दिसतात तुमचे अणू," जयमालेनं एकदा चिडवलं.

"पुण्याच्या हॉस्टेलवर राहून बघा, मग कळेल."

"मला बोलावताय की काय?"

"...बोलावलं तर याल?"

त्या दिवशी परीक्षानळ्या धुताना तिनं दोन फोडल्या.

सप्टेंबरात जयमालेला पाहायला राहुरीकडचे पाहुणे येणार असं घरात ठरलं. मुलगा बँकेत होता. आई भागिरथीबाई हरखून गेली होती. सोमवारी जयमालेनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी ती भट्टीपाशी आली तेव्हा महेंद्रनं ट्रे आत घालून, काम उरकून, नायट्रोजन सोडला होता. तो पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होता. रंभाजींची पाळी संपली होती, आत कुणाचा ट्रे आहे हे न कळताच ते घरी गेले होते.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "इथं नाही. आत्ता येताय का? आज नाही बोलले तर पुन्हा बोलायचं धाडस होणार नाही मला."

तिचा चेहरा बघून त्यानं पुठ्ठा टेबलावर ठेवला. पाच वाजेपर्यंत येऊ, मग लावू. तोवर काकासाहेब आहेतच, कुणी भट्टी उघडणार नाही, असं त्याला वाटलं.

ती दोघं डोंगरावरच्या चांदबीबीच्या महालावर गेली. वर पोचेपर्यंत आभाळ भरून आलं आणि पावसाची झड सुरू झाली. कमानीखाली उभं राहून त्यांनी खालचं नगर हळूहळू पुसलं जाताना पाहिलं. जयमालेच्या वेणीतून पाणी निथळत होतं. तिनं पाहुण्यांचं सांगितलं. तो कमानीवरून ओघळणारं पाणी बोटानं अडवत राहिला.

"काहीतरी बोला ना!"

"जुळवतोय..." तो म्हणाला. "जयमाला, मी त्या कारखान्यात भुकटीसाठी येत नाही. मे महिन्यातच पुरेशी झाली होती."

तिनं ओल्या ओढणीत तोंड लपवलं. त्यानं तिचा हात हातात घेतला. बस्स, एवढंच. पाऊस उघडेना. वाहन मिळेना. ती दोघं नगरात उतरली तेव्हा साडेसात वाजले होते. महेंद्रच्या घराकडची, घोडेगावची शेवटची एसटी सुटायच्या बेतात होती. पुठ्ठ्याची आठवण महेंद्रला गाडीत बसल्यावर झाली. पण त्यानं मनाशी म्हटलं, मामा शहाणे आहेत, विचारल्याशिवाय उघडणार नाहीत. आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी पोचतोच.

पहिली गाडी त्या दिवशी पांढरीच्या पुलाजवळ बंद पडली.

सकाळी सात वाजता रंभाजींनी मुठीकडे पाहिलं. पाटी नव्हती. त्यांनी रोजच्यासारखं दार उघडलं, ट्रे ओढला आणि भुकटीचा रंग जरा वेगळा वाटला म्हणून वाकून जवळून पाहिलं.

बाहेर हजेरी लावत असलेल्या जयमालेनं किंकाळी ऐकली. ती पोचली तेव्हा रंभाजी गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळहात तोंडावर धरून. ते हात आता हातांसारखे दिसत नव्हते. जमिनीवर सांडलेली भुकटी अजून आपल्याआपण लाल होत होती.

"लोखंड पेटलं, पोरी," ते म्हणत होते. "आपसूक पेटलं गं..."

डोळे गेले. दोन्ही. डॉक्टरांनी चौथ्या दिवशी सांगितलं. हातांची बोटं एकमेकांना चिकटली होती. ती सुटी झाली तरी त्यांत पकड येणार नव्हती.

अपघाताच्या सकाळी साडेदहा वाजता महेंद्र कारखान्यात पोचला तेव्हा काकासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. भट्टी धुऊन काढली होती.

"तुमचं इथं काही नव्हतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कळलं का? बिगरपरवान्याचं काम निघालं तर कारखान्याला कुलूप लागंल. साठ माणसं घरी बसतील. तुमची पीएचडी तर जाईलच. मामानं बिडी पेटवली, असं ठरलंय. मुकाट्यानं पुण्याला जा."

आणि महेंद्र गेला. ते त्यानं पुढं कधी लपवलं नाही. तो गेला, आणि बारा दिवस हॉस्टेलच्या खोलीत पडून राहिला.

इकडं दवाखान्यात रंभाजी येईल त्याला सांगत होते, "म्या बिडी वढत नव्हतो. आठ वर्सं झाली सोडून." ऐकणारे मान हलवायचे. लोखंड कुठं पेटतं होय? विळा पेटतो, का तवा पेटतो? शेवटी एक दिवस भागिरथीबाईच पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "जाऊ द्या वो. वढली असंल तर वढली म्हना. मी काय रागवायची हाय का आता?"

रंभाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

जयमालेला सगळं माहीत होतं. काय पेटलं ते, का पेटलं ते, आणि पाटी का नव्हती तेही. ती वडिलांना वाटीनं पेज पाजायची, तोंड पुसायची, आणि मग जिन्याखाली जाऊन ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडायची. त्या दुपारी ती भट्टीपाशी गेली नसती तर? पावसातली ती कमान आठवली की तिला स्वतःची किळस यायची. आणि तरीही आठवायची.

फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार असं कळलं, तेव्हा आदल्या दुपारी तिनं एसटीडी बूथवरून पुण्याला हॉस्टेलवर फोन लावला.

"उद्या अकरा वाजता चौकशी आहे. आप्पांनी बिडी ओढली असं लिहिणार आहेत."

समोरच्या मीटरवरचे आकडे पळत होते.

"मी साहेबांसमोर लोखंड पेटवून दाखवणार आहे. आलात तर तुमच्या तोंडानं सांगा. नाही आलात तर एवढंच सांगेन की भट्टीत बारीक लोखंड होतं. कुणाचं ते सांगणार नाही."

"का नाही सांगणार?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हाला कळत नसेल तर राहू द्या," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर काकासाहेबांच्या खोलीत बसले होते. चहा आला होता. जबाब जवळजवळ लिहून झाला होता. जयमाला आत आली. तिच्या हातात बूच लावलेली काचेची नळी होती, तळाशी काळी पूड. लोखंडाचा एक पिवळा क्षार सकाळीच तापवून तिनं ती केली होती. वाऱ्यानं पूड उडू नये म्हणून तिनं खिडकी लावून घेतली.

"हे काय आणलंय, बाई?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"लोखंड आहे, साहेब. थंड आहे, हात लावून बघा."

त्यांनी नळीला बोट लावलं. थंडच होती.

जयमालेनं नळी डोक्याइतकी उंच धरली, बूच काढलं आणि पूड ओतली. जमिनीवर पोचायच्या आत तिच्या ठिणग्या झाल्या. नारिंगी, बारीक, आवाज न करता त्या झरझर खाली आल्या आणि फरशीवर पसरून लाल होत राहिल्या. इन्स्पेक्टरांची खुर्ची मागं सरकली.

"यात बिडी कुठंय, साहेब?" जयमाला म्हणाली. "माझ्या वडिलांनी चौदा वर्षं भट्टी सांभाळली. ते खोटं बोलत नाहीत. भट्टीत अशी पूड होती."

"काहीतरीच!" काकासाहेब उठले. "साहेब, आमच्याकडं असली पूड होतच न्हाई. इचारा कुनालाबी."

"होते," दारातून आवाज आला.

महेंद्र उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यानं वही टेबलावर ठेवली. त्यात एप्रिलपासूनचे सगळे ट्रे तारखेवार लिहिलेले होते.

"तो ट्रे माझा होता," तो म्हणाला. "भट्टी उघडू नका ही सूचना लावणं माझं काम होतं. मी लावली नाही. मामांची काहीच चूक नव्हती. हे माझ्या नावानं लिहून घ्या."

"का लावली नाही?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

जयमालेनं डोळे मिटले.

"विसरलो," महेंद्र म्हणाला. एवढंच. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

कागदावरची बिडी खोडली गेली. कारखाना तीन महिने बंद राहिला, मग नव्या मॅनेजरच्या हाताखाली सुरू झाला. महेंद्रच्या मार्गदर्शकांनी पीएचडीतून त्याचं नाव काढून टाकलं. चार वर्षांचं काम गेलं. तो अकोले तालुक्यात, राजूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला. बँकेतला मुलगा पाहुण्यांसह परस्पर दुसरीकडं गेला. आंधळ्या बापाचं ओझं कुणाला हवं होतं?

जयमालेनं घरी येऊन वडिलांना सांगितलं, "साहेबांनी लिहून दिलंय, आप्पा. लोखंडच पेटलं होतं."

भागिरथीबाईनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. "मीबी इस्वास ठेवला न्हाई वो तुमच्यावर," ती म्हणाली. रंभाजींचे पट्ट्या बांधलेले हात तिच्या पाठीवर कितीतरी वेळ अडखळत फिरत राहिले.

राजूरहून चार पत्रं आली. जयमालेनं एकाचंही उत्तर दिलं नाही.

माघातल्या एका सकाळी रंभाजी उन्हात बसले असताना एकाएकी म्हणाले, "त्या पोराला बोलीव. मला बोलायचंय त्याच्याशी."

तिनं पोस्टकार्ड टाकलं. पुढच्याच रविवारी महेंद्र आला. बोल्हेगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराबाहेर तो चपला काढून उभा राहिला. वाळला होता. थंडीनं ओठ फुटले होते.

"पत्रं पोचली?" त्यानं हळूच विचारलं.

"पोचली."

"उत्तर..."

"लिहीत होते. पुरं होत नव्हतं."

आत रंभाजी भिंतीला टेकून बसले होते. महेंद्र त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"आलास का?" रंभाजी म्हणाले. "एकच इचारायचं हाय. तुला ठाव हुतं, ते पेटंल म्हनून?"

"हो, मामा."

"दर बारीला पाटी लावायचास. मला सांगून जायाचास. त्याच दिशी कसा इसरलास? माझं मन ते मानत न्हाई. मी रोज हितं बसून त्योच इचार करतो. दुसरं काम काय उरलंय मला?"

महेंद्रनं मान खाली घातली. "विसरलो, मामा. दुसरं काही नाही."

"खोटं बोलतात ते, आप्पा," जयमाला म्हणाली.

चुलीपुढं बसलेल्या भागिरथीबाईचा हात परातीतच थांबला. जयमाला पुढं आली. वडिलांना दिसणार नव्हतं, तरी ती ताठ उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी.

"मी बोलावलं होतं त्यांना. पाटी लिहीत होते, तेव्हाच. आम्ही दोघं महालावर गेलो होतो. मला... मला हे आवडतात, आप्पा. ते सांगायला गेले होते मी. पावसात अडकलो आणि पाटी राहिली. त्यांनी आजवर कुणाजवळ माझं नाव घेतलं नाही. मी मात्र पाच महिने तुम्हाला भरवतेय आणि गप्प आहे."

रंभाजींचा चेहरा हलला नाही. भाजलेल्या कातडीवर राग दिसतो का दुःख, हे आताशा कुणालाच ओळखता येत नसे.

"म्हंजे दोघं हुता," ते म्हणाले.

"हो."

"माफ केलं, असं माझ्या तोंडून यायचं न्हाई. आज तरी न्हाई. कदाचित कधीच न्हाई." "पन बिडीचं बालंट तुमी दोघांनीच पुसलं, हेबी मला ठाव हाय. आता पोरी, तुजा इचार काय?"

"लग्न करायचंय यांच्याशी. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. पण मग दुसऱ्या कुणाशीही नाही."

"आनि तुजा रे?"

महेंद्रच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "मला राजूरला दोन खोल्या मिळाल्यात, मामा. तुम्ही दोघंही तिथं राहायला यावं, असं... मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

भागिरथीबाईनं भाकरी ताटात वाढली, पिठलं घातलं आणि रंभाजींना भरवायला उठली. तिच्या पावलांचा आवाज ओळखून रंभाजींनी मान हलवली.

"तू नगं. त्याला दे ताट."

महेंद्र सरकून जवळ बसला. त्यानं भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि घास उचलला. पण घास वाटेतच थांबला. जयमालेनं खाली बसून त्याच्या मनगटाला आपला हात लावला.

"असा लांबून काय देतोस?" रंभाजी म्हणाले. "तोंड कुठं हाय ते मला दिसत न्हाई. तुला तर दिसतंय न्हवं?"

आणि त्यांनी तोंड उघडलं.